भर दुपारी 'आहे' म्हणणारी पिंगळी

बापू, सुगंधाला घुबड कोण म्हणालं? तूच ना? आणि ही बसली रडत! अगं वेडे, घुबड म्हटलं तर मान ताठ करावी माणसानं. या इकडे दोघंही. पाय पांघरुणात घ्या. दिवा बारीक करते. आज घुबडाचीच गोष्ट सांगते, आणि गोष्ट संपली की बापू, तूच म्हणशील, आजी, मला पण घुबड म्हण.

तर काय झालं, डोंगरापलीकडे एक रान होतं. सागाचं रान. मोठ्ठाली झाडं, आणि उन्हाळ्यात पानं गळाली की सगळं कसं उघडंवाघडं, लख्ख. त्या रानात सगळ्यात उंच असा एक जुना साग होता. कधीतरी वादळात त्याची फांदी मोडली होती आणि तिथे एक ढोली झाली होती. त्या ढोलीत राहायची एक रानपिंगळी.

पिंगळी म्हणजे घुबडाचीच जात, बरं का. पण लहानशी. आपल्या तांब्याएवढी. डोकं मोठं, पोट पांढरं, पायांवरही पांढरी पिसं, मोजे घातल्यासारखी. डोळे पिवळेजर्द. आणि नखं अशी, की एकदा धरलेला सरडा सुटला म्हणून कुणी सांगावं!

आता बाकीची घुबडं काय करतात? दिवसभर झोपतात आणि अंधार पडला की निघतात. पण ही पिंगळी तशी नव्हती. ही दिवसाची. ऊन वर आलं की सागाच्या शेंड्यावर बसायची, तीही उघड्या फांदीवर, सगळ्या जगाला दिसेल अशी. अंग शेकायची. शेपूट टुकटुक हलवायची. खाली गवतात काही हललं की झप्प! आणि तिचा नवरा, पिंगळा, समोरच्या झाडावरून साद घालायचा. मग ही उत्तर द्यायची. असं दिवसाढवळ्या यांचं बोलणं चालायचं.

शेजारच्या झाडावर राहायची घुबडमावशी. अंगानं थोराड, वयानं म्हातारी, स्वभावानं भित्री. ती म्हणायची, "अगं, आपण घुबडं. आपण दिवसा डोळे मिटावेत, कुणाच्या नजरेला पडू नये. लोक अपशकुनी म्हणतात आपल्याला."

"म्हणू देत," पिंगळी म्हणायची. "ऊन काय त्यांच्या बापाचं आहे?"

हसू नकोस सुगंधा, अशीच होती ती. फटकळ.

बरं, त्या रानाची एक रीत होती. झाड तोडायचं झालं, तर लाकूडतोड्यानं आधी कुऱ्हाड उलटी धरायची. पात्याची बाजू नाही, बोथट बाजू. तिनं खोडावर तीन ठोके द्यायचे आणि विचारायचं, घरात कोणी आहे का? आतून कुणी 'आहे' म्हणालं, तर त्या झाडाला हात लावायचा नाही. नमस्कार करायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं. आणि हे विचारायचं कधी? तर सांजवेळी. का सांगा बरं? कारण सांजवेळी दिवसाची पाखरं घरी परतलेली असतात आणि रात्रीची अजून बाहेर पडलेली नसतात. तेव्हा सगळी घरात सापडतात. ज्यानं कुणी ही रीत घातली तो शहाणा होता.

मग काय झालं? त्या राज्याच्या राजाला हुक्की आली. शेजारच्या राजानं म्हणे माडी बांधली आणि माडीवरून तो याच्याकडे खाली बघतो. झालं! याला सातमजली राजवाडा हवा. जुना राजवाडा चांगला भक्कम होता हो, पण नाही. सातमजलीच हवा. आणि सातही मजल्यांतून जाईल असा एक अखंड खांब हवा. तेवढा उंच साग रानात एकच होता. कोणता? बरोब्बर. पिंगळीचा.

लाकूडतोड्यांचा म्होरक्या होता झोलू. तो सांजवेळी रानात गेला. ज्या झाडाला ठोके द्यावेत त्यातून आवाज, आहे! दुसऱ्यातून, आहे! तिसऱ्यातून, आहे! झोलू हात हलवत परत आला.

राजा पाय आपटायला लागला. पण त्याचा कारभारी होता महा कावेबाज. तो म्हणाला, "महाराज, रीत मोडू नका, लोक चिडतील. रीत तीच ठेवू. फक्त वेळ बदलू. भर दुपारी ठोके द्यायचे. दिवसाची पाखरं चरायला गेलेली असतात, रात्रीची झोपलेली असतात. उत्तर देणार कोण?"

"पण झोपलेली तर घरातच असतात ना?" राजानं विचारलं. बघा हं, त्याला कळत होतं. कळत नव्हतं असं नाही.

"तेही दवंडीत घालू की," कारभारी म्हणाला.

मग दवंडी पिटली. डुम डुम डुम! ऐका हो ऐका! आजपासून ठोके भर दुपारी! जो बाहेर गेला तो घरात नाही! आणि जो झोपला, तोही घरात नाही हो!

आता मला सांगा, झोपलेला माणूस घरात नाही, हे कुठलं शास्त्र? मला तर अजून राग येतो. असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोलू घुबडमावशीच्या झाडापाशी गेला. त्याला काही बरं वाटत नव्हतं, पण हुकूम तो हुकूम. ठक, ठक, ठक. "घरात कोनी हाय का?" मावशी गाढ झोपेत. उत्तर नाही. मग कुऱ्हाड चालली. झाड आडवं झालं आणि मावशी ढोलीतून भरउन्हात येऊन पडली. डोळे दिपले, काही दिसेना. कावळ्यांनी तिला बघितलं मात्र, काव काव करत तुटून पडले तिच्यावर. पिंगळी धावली. कावळ्यांच्या मधे घुसून तिनं असा काही दंगा केला की कावळे पांगले. मग तिनं मावशीला आपल्या सागाच्या बेचक्यात आणून बसवलं.

मावशी थरथरत म्हणाली, "आपलं नशीब बाई. गप राहावं."

"नशीब कसलं?" पिंगळी म्हणाली. "तू झोपली होतीस. स्वतःच्या घरात झोपली होतीस. झोपणं हा काय गुन्हा आहे? मी नाही गप राहणार!"

आणि गप राहून चालणारही नव्हतं. कारण तिच्या ढोलीत दोन पिल्लं होती. नुकतीच अंड्यातून निघालेली, डोळेही न उघडलेली. झाड पडलं असतं तर पिल्लं गेली असती. मावशीसारखं उडून दुसरीकडे बसायला त्यांना पंख कुठे होते?

मग आली दुपार. झोलू सागापाशी आला. सोबत कारभारी, छत्री धरलेला. झोलूनं कुऱ्हाड उलटी धरली. ठक, ठक, ठक. "घरात कोनी हाय का?"

"आहे!"

झोलू दचकून मागे सरला. ढोलीतून पिंगळीनं डोकं बाहेर काढलं होतं. डोळे सताड उघडे.

"मी आहे, माझी दोन पोरं आहेत. आम्ही सगळे घरात आहोत. अजून काही विचारायचंय?"

झोलूनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि हात जोडले. कारभारी ओरडला, "अरे, घुबड आहे ते! घुबडं दिवसा झोपतात!"

"मी नाही झोपत," पिंगळी म्हणाली. "तू दवंडी पिटण्याआधी मला विचारलं होतंस का?"

कारभारी चडफडत गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. या वेळी गोड बोलायला लागला. "पिंगळीबाई, राजवाड्यात चला. तुमच्यासाठी चांदीची दांडी करू. बसल्या जागी उंदीर येईल. पोरांना मखमलीची गादी. कशाला या वाळक्या लाकडात राहायचं?"

पिंगळी म्हणाली, "चांदीच्या दांडीवर बसल्यावर मला समोरून पिंगळ्याची साद ऐकू येईल का?"

"नाही, पण..."

"मग ती दांडी तूच घे आणि तिच्यावर तू बस."

झोलूला हसू आवरेना. त्यानं तोंड फिरवलं.

आता मात्र राजा भडकला. त्यानं झोलूला बोलावून सांगितलं, "उद्या दिवेलागणीच्या आत तो साग आडवा झाला नाही, तर तुझी झोपडी पेटवून देईन." आणि कारभाऱ्यानं तिसरी युक्ती काढली. सगळ्यात दुष्ट. पिंगळी पिल्लांना सोडून हलत नव्हती. पिंगळा सरडा धरून आणायचा, उंदीर आणायचा, तेव्हा तिचं आणि पोरांचं पोट भरायचं. कारभाऱ्यानं ते हेरलं. तो म्हणाला, "नराला झाडापाशी येऊ देऊ नका. भुकेनं ही उठेल. उठली की ठोके."

मग सागाभोवती ढोलवाले बसवले. पिंगळा सरडा घेऊन आला की डुमडुमडुम! वर दगड. बिचारा किती वेळा आला. एकदा तर दगड चोचीला लागला आणि सरडा खाली पडला. ढोलीत पिल्लं चूं चूं करायला लागली. आधी मोठ्यानं, मग बारीक आवाजात, मग तेही थांबलं. आईला पोटच्या पोराचं रडणं सोसतं, पण रडणं थांबलेलं नाही सोसत. पिंगळीनं ढोलीतून साद घातली. लांबून पिंगळ्यानं उत्तर दिलं. एवढंच चाललं होतं दोघांचं, तू आहेस ना? आहे. तू आहेस ना? आहे.

झोपलात का रे? नाही ना? मग ऐका.

दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. पिंगळीनं ढोलीच्या तोंडाशी येऊन बाहेर बघितलं. सगळ्यात उंच झाड ते. तिथून रान दिसायचं, रानापलीकडचं गाव दिसायचं, राजवाडा दिसायचा. आणि पिंगळीला काय दिसलं? ढोलवाले ढोलावर मान टाकून झोपलेले. गावातला वाणी गादीवर आडवा. राजवाड्याचा पहारेकरी भाल्याला टेकून पेंगतोय. आणि वरच्या सज्जात, पडदे उडतायत, आत साक्षात राजा! जेवून, विडा खाऊन, उताणा. पोट वर, खाली. वर, खाली.

पिंगळी बघतच राहिली. मग तिची शेपूट टुकटुक हलली.

"मावशी," ती म्हणाली, "उठ. तुला माझ्या ढोलीत बसायचंय."

"मी? दिवसा? अगं, मला झोप आवरत नाही. डोळेच उघडत नाहीत उन्हात!"

"नको उघडूस डोळे. तोंड उघडलंस तरी पुरे. कुणी ठोके दिले तर फक्त 'आहे' म्हण." एवढं बोलून पिंगळी गेलीसुद्धा.

ती थेट झोलूच्या झोपडीवर जाऊन बसली. आत झोलू डोकं धरून बसला होता. त्याची बायको फुलाय झोळीला झोका देत होती. झोळीत त्यांचं तान्हं झोपलेलं.

पिंगळी म्हणाली, "झोलू, ते पोर कुठे आहे?"

"कुठं म्हनजे? घरात हाय. झोपलं हाय झोळीत."

"दवंडीप्रमाणे ते घरात नाही."

झोलूनं झोळीकडे बघितलं.

"आज माझं झाड तोडशील," पिंगळी म्हणाली. "उद्या राजाला अंगण मोठं करायची हुक्की येईल. तेव्हा कुणीतरी दुपारी इथे येऊन ठोके देईल, बाळ झोपलेलं असेल. मग? राजवाडा लाकडाचाच आहे ना? आणि आत्ता तिथे कोण जागं आहे, जाऊन बघ."

झोलूच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "बाई, मले भेव वाटते. मान जाईन माही."

फुलायनं झोळीचा दोर सोडला. कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि नवऱ्यापुढे धरली. "अवो, तुमी जाता का मी जाऊ? तिची पोरं उपाशी हायेत अन् ती भेत नाई. तुमाले काहून भेव?"

मग झोलू उठला. त्यानं बाकीचे लाकूडतोडे उठवले. फुलायनं तान्हं पाठीशी बांधलं आणि तीही निघाली. पिंगळी पुढे पुढे उडत होती.

इकडे काय झालं? कारभाऱ्याला दुपारची झोप लागत नसे. असल्या माणसांना लागतच नाही. तो सागाखाली आला, बघतो तर पिंगळी नाही! त्याला हर्ष झाला. त्यानं स्वतःच कुऱ्हाड उचलली. ठक! "घरात कोणी आहे का?" आत सामसूम. ठक! सामसूम. ढोलीत मावशी डुलक्या खात होती बरं का. अंग चोरून बसलेली, पोटाखाली ती दोन पिल्लं. डोळे मिटलेले. जन्मात कधी दुपारी जागी राहिली नव्हती ती. कारभाऱ्यानं तिसरा ठोका दिला. ठक! पोटाखाली एक पिल्लू हललं. इतकंसं. आणि त्या भित्र्या म्हातारीनं डोळे उघडले! भर उन्हात डोकं बाहेर काढलं आणि अशी ओरडली, अशी ओरडली, की सगळं रान दणाणलं.

"आहे! मी आहे! आणि झोपले असते तरी असतेच!"

कारभाऱ्याच्या हातून कुऱ्हाड पडली. ढोलवाले दचकून उठले आणि भूत भूत करत पळाले. कारभारी तर छत्री टाकून सगळ्यांच्या पुढे. वाट मोकळी झाली. मग पिंगळा आला, चोचीत हा एवढा सरडा घेऊन. पिल्लांच्या पोटात घास गेला.

शाब्बास मावशी! म्हणा, शाब्बास मावशी. हां, हळू. आई उठेल.

तिकडे झोलू राजवाड्याच्या दारात पोचला. पहारेकरी घोरतोय. झोलूनं देवाचं नाव घेतलं, कुऱ्हाड उलटी धरली आणि त्या सागवानी दारावर दिले ठोके. ठक, ठक, ठक. "घरात कोनी हाय का?"

आतून काय आवाज आला? घुर्रर्र... फूऽऽस. घुर्रर्र... फूऽऽस.

"घोरनं म्हनजे उत्तर नाई," फुलाय म्हणाली.

मग झोलूनं कुऱ्हाड सुलट केली आणि घातला घाव दाराच्या चौकटीवर. धाड! सगळा राजवाडा हादरला. भिंतीवरची ढाल खाली पडली. राजा धडपडत उठला आणि तसाच धावत आला. मुकुट नाही, पागोटं नाही, एका हातात धोतर धरलेलं. त्या आवाजानं गावही जागं होऊन गोळा झालं होतं.

"अरे ए! काय चाललंय? माझा राजवाडा तोडतोस?"

"ठोके देल्ले महाराज," झोलू म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण कुऱ्हाड हातातच होती. "इचारलं, घरात कोनी हाय का. कोनी बोललं नाई."

"बोलणार कसा? झोपलो होतो मी! झोपलेला माणूस घरातच असतो, एवढी अक्कल नाही तुला?"

आणि मग? राजा सगळ्यांकडे बघायला लागला. सगळे राजाकडे. आपण काय बोलून बसलो ते राजाला हळूहळू कळलं. तो कानापर्यंत लाल झाला.

तेवढ्यात राजवाड्याच्या आढ्यावरून आवाज आला, "पुन्हा म्हण!"

सगळ्यांनी वर बघितलं. आढ्यावर पिंगळी बसली होती. तांब्याएवढी. पिवळे डोळे राजावर रोखलेले.

"रानात तीन वेळा ठोकतात," ती म्हणाली. "तूही तीन वेळा म्हण. सगळ्यांसमोर."

राजानं इकडेतिकडे पाहिलं. झोलूनं कुऱ्हाड जराशी वर केली. फक्त जराशी, हं.

"झोपलेला माणूस घरातच असतो," राजा पुटपुटला.

"ऐकू आलं नाही!"

"झोपलेला माणूस घरातच असतो!" राजा ओरडला. आधी रागात म्हणाला होता तो पहिला धरला, तर हा तिसरा ठोका झाला. दवंडीवाला गर्दीत उभाच होता. त्यानं लगेच ढोल गळ्यात घातला आणि निघाला. डुम डुम डुम! ऐका हो ऐका! ठोके पुन्हा सांजवेळी! आणि जो झोपला, तो घरातच हो, घरातच!

पडलेली झाडं काही पुन्हा उभी राहिली नाहीत. खोटं कशाला सांगू? पण पुढचं एकही त्या तऱ्हेनं पडलं नाही. मावशीला एका म्हाताऱ्या मोहाच्या झाडात नवी ढोली मिळाली, आणि तिथे ती दिवसभर खुशाल झोपायची, मोठमोठ्यानं घोरायची. पिल्लांना पिसं फुटली, ती शेंड्यावर येऊन आईशेजारी ऊन खायला लागली. फुलायचं तान्हं मोठं झालं. सातमजली राजवाडा काही झाला नाही. राजा जुन्या राजवाड्यातच राहिला आणि सुखात राहिला. दुपारी झोपायचाही. फक्त दारातून जाता येता चौकटीवरच्या त्या घावाकडे त्याची नजर जायची. सुताराला बोलावून बुजवून घे म्हणाले लोक, पण त्यानं कधी बुजवला नाही.

अशी ती रानपिंगळी. आता बापू, पुन्हा कुणाला घुबड म्हणशील तर नीट विचार करून म्हण. आणि सुगंधे, तुला कुणी म्हटलं तर काय म्हणशील? आहे! शहाणी माझी.

चला, डोळे मिटा आता. कूस बदला, हात आत घ्या. काही भीती नाही. झोपलेली पोरं घरातच असतात. आणि दारावर कुणी ठोके दिलेच, तर तुम्ही उठू नका. उत्तर द्यायला मी आहे.